शेवंताला येणारे फोन

“दाखल्यावर लागलेल्या बाईला सर्टिफिकेटातलं काय कळणार?”

प्राचार्य हे माझ्याकडे न बघता म्हणाले. समोर कोचिंग क्लासचे संचालक, टाय लावून आलेला कंपनीचा माणूस, काही प्राध्यापक. मागं बारावीची पोरं. नांदेडच्या त्या कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅबची सहायक होते. क्लासनं सराव परीक्षेचा एक प्रोग्रॅम आणला होता. तो त्या दिवशी सगळ्यांना दाखवायचा होता. मी सुरू केला आणि आमच्या ॲन्टिव्हायरसनं पडद्यावर लाल चौकट आणली. हा प्रोग्रॅम वापरणाऱ्याची माहिती गोळा करून बाहेर पाठवतो, असं तिच्यात लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं. ते माझं कामच होतं.

कंपनीचा माणूस म्हणाला, काळजी करू नका, आमच्या प्रोग्रॅमला परदेशी सर्टिफिकेट मिळतंय. मी विचारलं, मिळालं म्हणून तो माहिती पाठवायचं थांबवणार आहे का? तेव्हा प्राचार्य ते वाक्य बोलले. पोरं हसली. प्राध्यापकही हसले. मी माउसवरचा हात काढला आणि मागं जाऊन उभी राहिले.

मला राग आला नाही. तसं मला काहीच पटकन येत नाही.

दाखला म्हणजे भूकंपग्रस्ताचा. औसा तालुक्यातलं आमचं गाव. गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे घर खाली आलं. मी अंगणात झोपलेली, म्हणून राहिले. आई आत होती. तेव्हापासून माझ्या आत काहीतरी बधिर आहे, दात काढायच्या आधी सुई देतात तसं. बोललेलं ऐकू येतं, लागत नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा बाप मला घेऊन तहसीलला गेला. कारकुनानं विचारलं, मयताचं नाव? बाप म्हणाला, शेवंता.

“मेलीच कशावरून? पळून गेली नसंल कशावरून?”

कारकून पान खात होता. बापानं मान खाली घातली. मी त्या लाल तोंडाकडं बघत राहिले. पुढं नवं गाव वसलं, त्यातही आमच्या घरांची ओळ जुन्या गावासारखी कडेलाच आली. पण दाखला मिळाला. त्याच्यावर मी शिकले, त्याच्यावर ही नोकरी लागली. कॉलेजात हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. चहाच्या वेळी एक सर नेहमी म्हणायचे, “तुमचं बरंय मॅडम. जमीन हलली आणि नोकरी लागली.” सगळे हसायचे. मी कप विसळून ठेवायचे.

दसऱ्याच्या आत प्रोग्रॅमचं सर्टिफिकेट आलं. काचेच्या फ्रेममध्ये. खंडेनवमीला लॅबमध्ये कॉम्प्युटरची पूजा झाली तेव्हा त्या फ्रेमलाही हार घातला, कुंकू लावलं. प्राचार्यांनी दोन्ही हात जोडले. माझ्या दाखल्याला हसणारी हीच माणसं. मी प्रसादाच्या पेढ्यांचं ताट धरून उभी होते.

आणि लाल चौकट बंद झाली. ॲन्टिव्हायरसचं नवं अपडेट आलं, त्यानंतर पडदा हिरवा. मला वाटलं, प्रोग्रॅम सुधारला असेल. कंपनीचा माणूस आला तेव्हा मी विचारलं. तो मोकळेपणी बोलला. मला बोलून त्याचं काय जाणार होतं.

“मॅडम, प्रोग्रॅम आहे तोच आहे. अटी स्क्रीनवर दिल्यात. पोरं ‘मान्य’ दाबतात. सर्टिफिकेटला तेवढं पुरतं. आणि सर्टिफिकेट असलं की ॲन्टिव्हायरसवाले आमचं नाव त्यांच्या धोक्याच्या यादीतून काढतात. भांडण नको असतं हो कुणाला.”

म्हणजे राखणदार तोच. चोर तोच. फक्त राखणदाराला सांगून ठेवलं होतं की हा माणूस आला तर ओरडायचं नाही.

अटी इंग्रजीत. पानंच्या पानं. बिलोली, देगलूर, अहमदपूरकडून आलेली पोरं. ती वाचणार? मोबाईल नंबर टाकल्याशिवाय पेपर उघडत नव्हता. पोरांकडं कुठला मोबाईल? घरात जो एक असेल त्याचा नंबर टाकायची.

मी एक केलं. नवीन विद्यार्थिनी म्हणून नाव भरलं आणि नंबर माझा टाकला. हा नंबर मी घरच्यांशिवाय कुणालाच दिलेला नव्हता. नाव काय लिहावं सुचेना. बोटांनी आपोआप आईचं लिहिलं. शेवंता.

त्याच आठवड्यात फोन आला. मी भाजी निवडत होते.

“शेवंता बोलतेय का?”



“शेवंता, बारावीनंतर काय करायचं ठरवलंय? पुण्यात आमचं कॉलेज आहे.”

इतक्या वर्षांत कुणी तिला नावानं हाक मारली नव्हती. मी फोन ठेवला आणि मेथीच्या काड्या मोडत बसले. पानं टाकली, काड्या ठेवल्या. बऱ्याच वेळानं ते ध्यानात आलं.

मग रोज फोन. शेवंता आहे का. शेवंताला द्या. मी प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, “आधी शुद्ध बोलायला शिका, मग तक्रारी करा.” मी परत लॅबमध्ये आले.

दिवाळीनंतर रेणुकाचा चुलता आला. रेणुका आमच्या बारावीतली, बिलोलीकडची. बाप हैदराबादला मजुरीला, ही चुलत्याच्या जिवावर शिकणारी. घरात मोबाईल एकच, चुलत्याच्या खिशात. प्राचार्यांच्या केबिनमध्ये तो खुर्चीच्या टोकावर बसला होता. रेणुका भिंतीला टेकून. मला बोलावलं.

“रोज फोन येऊन राहिले,” चुलता म्हणाला. “गडी मानसं बोलतेत. रेणुका हाय का, म्हंतेत. म्या चार मानसांत असतो. सांगू काय? पोरगी न्यायला आलोय. लई झालं शिक्षन.”

रेणुका म्हणाली, “म्या कुनाला नंबर दिला न्हाई, काका.” हे तिनं आधीही बरेचदा सांगितलं असणार. आवाजात जोर नव्हता.

प्राचार्य मऊ आवाजात म्हणाले, “हे पाहा, आमच्याकडून नंबर बाहेर जाणं शक्यच नाही. प्रोग्रॅम सर्टिफाइड आहे. तुमच्या मुलीनंच कुणाला तरी दिला असेल. वय तसं असतं.” मग माझ्याकडं वळले. “मॅडम, तुम्ही मशीन तपासलीत. काही दिसलं का? सांगा यांना.”

पळून गेली नसंल कशावरून.

तो कारकून मला तिथं दिसला. तेच लाल तोंड. रेणुकानं मान खाली घातलेली, माझ्या बापासारखी.

“काई दिसत न्हाई,” मी म्हणाले.

प्राचार्यांनी मान डोलावली.

“दिसत न्हाई, कारन दाखवायचं बंद केलंय. नंबर हितूनच गेलेत, काका. पोरीनं कुनाला दिला न्हाई. माझी आई भूकंपात मेली. तिचं नाव म्या त्या प्रोग्रॅमात टाकलं, तर तिलाबी फोन येऊन राहिले.”

प्राचार्य उठले.

“भूकंप झाला नसता तर तुम्ही इथं झाडू मारत असता.”

“भूकंप झाला नसता तर माझी आई असती,” मी म्हणाले.

माझा आवाज चढला नाही. पण हे वाक्य मला लागलं. माझंच वाक्य. ती बधिर करणारी सुई उतरली होती.

चुलत्यानं मला हात जोडले. “बाई, तुमी खरं बोललात. माझा इस्वास हाय पोरीवर. पन गावात बोभाटा झाला, त्याला आता काय करू?” आणि तो तिला घेऊन गेला. मी स्टँडपर्यंत गेले. बिलोलीच्या गाडीत रेणुका खिडकीशी बसली, मांडीवर पुस्तकांची पिशवी. ती रडली नाही. माझ्याकडं नुसती बघत होती. तो चेहरा मी ओळखते. पत्र्याच्या शेडमधल्या आरशात मी तो रोज बघायचे.

तेव्हा मला राग आला. उशिरा आला. आल्यापासून गेला नाही.

मला लॅबमधून काढून स्टोअरमध्ये टाकलं. मोडक्या बाकांशेजारी टेबल दिलं. लॅब भरली की मी तिथून उठते आणि दारात उभी राहून मोठ्यानं सांगते, “घरचा नंबर टाकू नका रे. खोटा टाका.” त्याबद्दल मेमो मिळाला. सर्टिफिकेटची बदनामी केली म्हणून. दाखला तपासायला पाठवू, अशीही धमकी आली. पाठवा, मी म्हणाले. तो रद्द करायचा असेल तर आधी माझी आई आणून द्या.

लोक म्हणतात, नंबर बदल आणि मोकळी हो. मी बदललेला नाही. शेवंताला अजून फोन येतात. कधी कॉलेजवाले, कधी कर्ज देणारे, आणि परवा तर लग्न जमवणारे होते. मी प्रत्येक फोन उचलते. “शेवंता मेली,” मी सांगते. “तिचा नंबर तुम्हाला कुणी विकला, त्याचं नाव सांगा.” बहुतेक जण कट करतात. मी त्याच नंबरावर उलट फोन लावते आणि पुन्हा तेच विचारते. नाव मिळेपर्यंत विचारणार आहे.