‘झालं’ आणि ‘झालं का?’

शबनमताईंचं फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं. “झालं का?” बिबवेवाडीतल्या नगरसेवकाच्या जनसंपर्क कार्यालयात त्या कित्येक वर्षं तक्रारी घेताहेत. नगरसेवक बदलले, खुर्च्या बदलल्या, त्यांचं हे वाक्य बदललं नाही. दिवा लागला, गटार मोकळं झालं, असं महापालिकेच्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं तरी त्या तक्रारदाराला स्वतः विचारणार, आणि तो हो म्हणेपर्यंत तक्रार उभी ठेवणार. त्यामुळे भाजीवालीपासून मशिदीतल्या मौलवींपर्यंत कुणीही त्यांना रस्त्यात अडवत असे. त्याचा त्यांना कधी त्रास वाटला नाही.

नवे नगरसेवक हिंमतराव, म्हणजे अण्णा, निवडून आले आणि त्यांनी तक्रारींसाठी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. ताईंना मनापासून आनंद झाला. दोन कंपन्यांनी आपापलं दाखवलं. पहिल्यात काम झाल्याची नोंद केली की तक्रारदाराला मेसेज जायचा, आणि त्याने ‘हो’ कळवल्याशिवाय तक्रार बंदच व्हायची नाही. हे तर माझंच वाक्य, असं त्यांना वाटलं.

दुसरं घेऊन श्रीनिवास आला. गोड बोलणारा, घाईचा. भिंतीवरच्या पडद्यावर प्रभागाचा नकाशा झळकला. उघडी तक्रार लाल, मिटलेली हिरवी. मिटवायचं बटण कार्यालयानेच दाबायचं. विसरलात तर आठवड्याने ती आपोआप मिटणार. वर मतदारांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, अण्णांच्या हसऱ्या फोटोसकट. गंमत म्हणून श्रीनिवासने कार्यालयातलीच एक खरी तक्रार घेतली आणि बटण दाबलं. ठिपका हिरवा झाला. अण्णा खूश झाले.

ती तक्रार सोजरबाईंची होती. वरच्या घरांनी नळ सोडले की त्यांच्या मोरीतून घाण पाणी उलटं स्वयंपाकघरात येई. शेगडी बाजेवर ठेवून त्या भाकरी थापत होत्या.

त्या तासाभरात कार्यालयात आल्या. लुगड्याचा काठ ओला होता. हातातला मोबाइल त्यांनी शबनमताईंच्या टेबलावर ठेवला. ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. धन्यवाद. शबनम.’ नातवाने वाचून दाखवलं होतं म्हणे.

“पोरी, घरात पाणी हाय,” त्या म्हणाल्या. “न् खाली नाव तुझं हाय. दुसऱ्या कुनाचं असतं तर म्या आले नसते.”

ताईंचं तोंड तापलं. मेसेज आपण नाही, श्रीनिवासच्या बटणाने आपल्या नावावर पाठवला, हे सांगायचीही त्यांना लाज वाटली. सोजरबाई गेल्यावर त्या तडक आत गेल्या आणि पहिलंच सॉफ्टवेअर घ्या म्हणून अण्णांपाशी अडून बसल्या. अण्णांनी शांतपणे समजावलं, की लोकांना विचारत बसलं तर नकाशा कायम लालच दिसेल.

“लालच आहे तो, अण्णा. तुम्ही रंग विकत घेताय.”

अण्णा हसले आणि त्यांनी दुसऱ्याच कंपनीला होकार कळवला.

दुसऱ्या दिवशी श्रीनिवास सोजरबाईंसकट सगळ्या तक्रारींची माहिती भरून घ्यायला बसला. मेसेजखाली आपलं नाव राहणार नाही, हे ताईंनी आधीच बजावलं. मग तिथे एक ओळ हवी, तो म्हणाला : ‘समाधान झाले नसल्यास संपर्क.’ आणि एक नंबर. तो म्हणाला, कुठलाही टाका, कुणी फोन करत नाही. ताईंनी एक नंबर न अडखळता सांगितला. कुणाचा, हे त्याने विचारलं नाही. विचारायची त्याच्याकडे पद्धतच नव्हती.

आठवडा भरला. सोमवारी बरेच ठिपके आपोआप, एकदम हिरवे झाले. अण्णा समाधानाने नकाशा बघत असताना त्यांचा खासगी मोबाइल वाजला. बोलणं संपेस्तोवर पुन्हा वाजला. मग थांबेचना. त्यांनी रागाने ताईंकडे पाहिलं. “माझा नंबर कुणी दिला?”

“मी. लोक तुमचे आहेत ना?”

फोन परत वाजू लागला. मोबाइलच्या पडद्यावर नाव नव्हतं, पण तो नंबर ताईंना पाठ होता.

“सोजरबाई आहेत,” त्या म्हणाल्या. “उचला. आणि धन्यवाद म्हणू नका. आधी विचारा, झालं का?”