बारशातला खोकला

दुष्काळाचं साल होतं. तिसगावाकडं प्यायला पाणी नव्हतं, तरी माझ्या पहिल्या लेकीचं बारसं दणक्यात झालं. मी सातवी पास, म्हणजे स्वतःच्या मते निम्मी डॉक्टरीण. खोकला माणसाकडून माणसाला लागतो हे मला पक्कं ठाऊक. म्हणून बाजेवरूनच पहारा मांडला: येणाऱ्या बाईचं आधी नाक बघायचं, तोंड मग.

शेजारीण खोकतच आली. ती दुष्काळी कामावर खडी फोडायची.

"अक्का, तुम्ही ओट्यावरच बसा."

"खडीची धूळ हाय वैनी, दुसरं काय न्हाई."

"असेल. पण बसा बाहेरच."

बसली बिचारी. आत बाया मांडीला मांडी लावून. बाळाला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, फटींत चिंध्या, वर ओव्याची धुरी. एकीची शिंक दुसरीच्या अंबाड्यावर.

बेलापूरची नणंद मात्र पहाऱ्यातून सुटली. घसा बसलेला, डोळे लाल. पण तिनं रेशमी झबलं आणलेलं. "एसटीचा वारा बाधला," म्हणाली, मला लगेच पटलं. आत्या तीच, तेव्हा नाव सांगायचा मानही तिचाच. तिनं लेकीच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं, बायांनी रिवाजाप्रमाणे पाठीत धपाटे घातले, आणि दर धपाट्याला ती बाळाच्या तोंडावर खोकली. आम्ही हसलो.

आठवड्याच्या आत घर खोकायला लागलं. लेकीची छाती घरघरू लागली, तिला दूध ओढवेना. मी शोध लावला: ओट्यावर बसवलं म्हणून शेजारणीनं नजर लावली.

डॉक्टरांनी आल्याआल्या चिंध्या उपसल्या. म्हणाले, "आईनं बाळाला दुधापुरतंच घ्यायचं, तोंडाला पदर बांधून. एरवी जो आजारी नाही त्याच्याकडं द्या."

खडीचं काम तेव्हा थांबलं होतं. त्यासरशी शेजारणीचा खोकलाही थांबलेला.

"आळीत तेवढी एकच धड हाय," सासूबाई म्हणाल्या. "दे तिच्याकडं."

दिली. अक्का रोज अंगणात लेकीला उभी धरून पाठ चोळायची. मी दाराआडून बघायची, चिमटा काढते का, काही पुटपुटते का.

एका दुपारी घरघर थांबली आणि लेकीनं भुकेनं टाहो फोडला.

अक्कानं तिला माझ्या हातात दिलं. "घ्या, पाजा. आन् डोळं वटारून बघू नका वैनी, दूध आटंल."