पिवळ्या गाडीचा जीव

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या माहितीत सोलापुरात रिमोटवर धावणाऱ्या, खऱ्या इंजिनाच्या छोट्या मोटारी दोनच होत्या, आणि दोन्ही आमच्या गिरणीच्या डॉक्टरांकडे. त्यांचा भाऊ परदेशात असे, त्यानं पाठवलेल्या. एक लाल, एक पिवळी, दोन्ही हातभर लांब. इंधन म्हणजे स्पिरिटात कालवलेलं एरंडेल. गाडी गेली की मागं जो वास राही, त्यानं लहानपणी रविवारी सकाळी एरंडेल प्यायलेली माणसं आपोआप दोन पावलं मागं सरत. लाल गाडी धावायची. पिवळीचं इंजिन ठणठणीत होतं, पण रिमोटचा हुकूम ऐकणारा आतला रेडिओ मेलेला होता.

माझं गिरणीच्या फाटकासमोर रेडिओदुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि आधी घरच्या घरी बिघडवून मग माझ्याकडे आणलेले लोकांचे रेडिओ. एका दुपारी डॉक्टर पिवळी गाडी बगलेत धरून आले. सोबत भावानं पाठवलेल्या नव्या सामानाचं खोकं.

"हे सगळं बसव हिच्यात," ते म्हणाले, "आणि गाडी तूच चालव. मला शर्यतीला कुणीतरी पाहिजे. दोन वर्षं एकटाच पळतोय, दर रविवारी पहिला येतोय. कंटाळा आला."

पुढचे आठ दिवस लोकांचे रेडिओ मुकेच राहिले. गाडीत काय काय बसवायचं होतं! लहरी पकडणारा रिसीव्हर, त्याला पेन्सिल सेलचा डबा, आणि काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या दोन मोटरी. एक पुढची चाकं वळवणार, दुसरी वेग कमीजास्त करणार. इंजिन असं थरथरायचं की ढिली बसवलेली वस्तू दहा मिनिटांत सुटलीच म्हणून समजा. म्हणून मी रिसीव्हर स्पंजात गुंडाळला, सोल्डरिंगचा एकेक डाग दोनदा तपासला. माझं काम चांगलं असायचं. हे मीच सांगतो, कारण सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. सगळ्यात शेवटी क्रिस्टल. नखाएवढा, दोन पायांचा धातूचा तुकडा, रिसीव्हरच्या खाचेत खोचायचा. त्याचा जोडीदार रिमोटमध्ये. दोघं एकाच लहरीवर बोलतात, म्हणून पिवळी गाडी आमचंच ऐकते, डॉक्टरांचं नाही.

"आन ह्ये एवडंसं काय रं?" आईनं विचारलं.

मी ऐटीत म्हणालो, "आई, ह्यातच गाडीचा जीव हाय. ह्ये काढलं की गाडी मेली."

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला तर तेव्हा लगामही नव्हता.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी अठरा वर्षं त्याच गिरणीचा ट्रक चालवला. चादरींचे गठ्ठे भरायचे आणि न्यायचे. मग एका सकाळी होटगी रस्त्यावरच्या वळणावर ट्रक वळलाच नाही. सरळ रस्ता सोडून ज्वारीत गेला आणि आडवा झाला. क्लीनरचा हात मोडला, अण्णांच्या कपाळाला चार टाके पडले, बाकी कुणाला काही झालं नाही. मॅनेजर भला माणूस. "झालं ते झालं," म्हणाला, ट्रक भंगारात काढला आणि अण्णांना दुसरी गाडी देऊ केली. चौकशी नाही, बोलणी नाहीत. पण माफ केलं याचा अर्थ चूक अण्णांचीच ठरली, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. अण्णांच्या आलं. त्यांनी दुसरी गाडी घेतली नाही, फाटकावरची नोकरी मागून घेतली. सहा वर्षं ते फाटकावर बसले. कधीकधी जेवताना हात मध्येच थांबायचा आणि ते आपल्या पंजाकडं बघत राहायचे. मला ते बघवायचं नाही, आणि बघवत नाही म्हणून मी उगाच त्यांच्यावर चिडायचो.

डॉक्टरांची शर्यत गिरणीच्या गोदामापुढच्या सिमेंटच्या पटांगणात व्हायची, रविवारी, सुट्टीत. कोपऱ्यांवर बॉबिनच्या रिकाम्या पेट्या ठेवायच्या आणि त्यांना वळसे घालायचे. पहिल्या रविवारी मी पाच मिनिटांत तीन पेट्या पाडल्या. गाडी आपल्यापासून लांब जाताना ठीक असतं, पण आपल्याकडं यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं आणि माझं डोकं फिरायचं. दुसऱ्या रविवारीही तेच. अण्णा फाटकावरून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"अरं, वळायच्या आधी वेग सोड की! वळताना काय सोडतूस? आन हिकडं."

त्यांनी रिमोट घेतला. पहिल्या फेरीत गाडी हळू, चाचपडत गेली. दुसऱ्या फेरीत ती पेट्यांना वीतभर अंतर राखून वळली. आपल्याकडं येणाऱ्या गाडीचं त्यांना काहीच कोडं पडलं नाही. अठरा वर्षं आरशात बघून ट्रक मागं घेतलेला माणूस तो. शिवाय पटांगण त्यांचंच. कुठं उतार आहे, कुठं सिमेंट फुगलंय, कुठं तेल सांडून गुळगुळीत झालंय, सगळं पाठ. डॉक्टर हरायला आले की आपल्या लाल गाडीला कानडीत "बारो, बारो!", म्हणजे "ये रे, ये रे!", अशा हाका मारायचे. त्या दिवशी त्यांनी बऱ्याच हाका मारल्या. घरी येताना अण्णा मला म्हणाले, "लई हलकी हाय गाडी. पर ऐकती." सहा वर्षांत त्यांनी गाडी या विषयावर काढलेला हा पहिला शब्द होता.

मग ठरलं, दसऱ्याला मोठी शर्यत. गिरणी बंद, कामगार मोकळे, बघायला माणसं. अण्णांनी पांढरा सदरा इस्त्रीला टाकला. मी मनातल्या मनात पुढची सगळी स्वप्नं रंगवून टाकली. जिंकले की ते मॅनेजरकडं जातील, चावी मागतील, सगळं पहिल्यासारखं होईल. म्हणून ती शर्यत मला डॉक्टरांपेक्षा जास्त हवी होती.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. पूर्वी ट्रकची व्हायची, आता माझी पक्कड, माझी सोल्डरिंगची कांडी आणि यंदा मधोमध पिवळी गाडी. आईनं सगळं पाटावर मांडलं, झेंडूची फुलं वाहिली, नारळ फोडला. मी नमस्कार करून बाहेर पडलो, कारण पूजेच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही आणि हत्याराशिवाय मला घरात काही काम नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी मी इंजिन बंद ठेवूनच रिमोट लावून बघितला. चाकं डावीकडं, उजवीकडं, झकास. इंजिन चालू करून बघायला हवं होतं. पण घरात श्रीखंडाचा चक्का टांगलेला, तिथं एरंडेलाचा धूर कोण करणार?

दुपारी पटांगणात शंभरेक माणसं जमली. दहा फेऱ्यांची शर्यत. अण्णा पहिल्या फेरीपासूनच पुढं होते. चौथ्या फेरीत गोदामाच्या कोपऱ्यावर गाडीनं वळायचं होतं. अण्णांचा अंगठा वळलेला मी डोळ्यांनी बघितला. गाडी वळली नाही. वेगही कमी झाला नाही. ती सरळ माणसांच्या दिशेनं सुटली, बायकांनी पोरं उचलली, लोक दोन्ही बाजूंना फाकले आणि गाडी मागच्या चादरींच्या गठ्ठ्यांवर जाऊन आदळली. कुणाला लागलं नाही. गाडीलाही फारसं काही झालं नाही.

अण्णांनी रिमोट खाली ठेवला. चटका बसल्यासारखा. त्यांचा चेहरा मला बघवेना.

डॉक्टर धावत आले. "असू दे अण्णा, होतं असं. सोडून द्या."

"पुन्यांदा त्येच झालं," अण्णा हळूच म्हणाले. "माज्या हातातच खोट हाय." आणि ते सगळ्यांच्या देखत, इस्त्रीच्या सदऱ्यात, एकटे घरी चालत गेले.

मी गाडी उचलून त्यांच्या मागं पळालो. अंगणात बसलो, झाकण उघडलं. आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा मी देवाकडं मागितलं की माझं काम वाईट निघू दे. एखादी तार तुटलेली असू दे, एखादा डाग कच्चा असू दे. एकेक तार ओढून बघितली. पक्की. एकेक डाग बघितला. आरशासारखा. मला माझाच राग आला. इतकं नीट काम करायला कुणी सांगितलं होतं? आत अण्णा भिंतीकडं तोंड करून पडले होते. बाहेर लोक आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला यायला लागले होते आणि आई त्यांना दारातूनच, "बरं न्हाय वाटत त्यास्नी," असं सांगून परत पाठवत होती.

शेवटी काही उरलं नाही म्हणून मी क्रिस्टल उपसला. त्याचे दोन्ही पाय लाल होते.

आधी वाटलं गंज. नखानं खरवडलं, तर लाल पूड निघाली, आणि खाली पिवळी. मी वास घेतला. हळद-कुंकू!

"आई!" मी ओरडलो. "ह्याला हात कुणी लावला?"

"मीच की," आई म्हणाली. "तूच म्हनलास ना, जीव त्यातच हाय म्हनून. मग वरनं टिकली लावून काय उपेग? काढलं, हळद-कुंकू वाहिलं, हुतं तसं परत बसवलं." माझं तोंड बघून ती घाबरली. "का रं? लावायचं नव्हतं?"

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही झालं. ओलं हळद-कुंकू खाचेत वाळलं होतं. टेबलावर सगळं ठीक होतं, पण इंजिन थरथरायला लागलं की क्रिस्टल मधूनच सुटत होता, मधूनच लागत होता. सुटला की गाडी बहिरी. मी आत जाऊन अण्णांना सांगितलं. ते उठले नाहीत.

"माजं मन राखायला बोलू नगंस," ते म्हणाले.

मग मी वाद घातला नाही. त्यांना जवळजवळ ओढतच अंगणात आणलं आणि कट्ट्यावर बसवलं. गाडी विटेवर ठेवली, चाकं अधांतरी. क्रिस्टल होता तसाच, कुंकवासकट, परत खोचला. रिमोट चालू करून तुळशीपाशी ठेवला, सगळ्यांच्या हातांपासून लांब. मग दोरी ओढून इंजिन सुरू केलं. एरंडेलाचा धूर अंगणभर झाला, सोनं द्यायला आलेली माणसं तिथंच थांबली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पुढची चाकं एकदम उजवीकडं गेली. परत सरळ. मग डावीकडं, झटक्यात. रिमोटला कुणाचंच बोट नव्हतं.

"अण्णा," मी म्हणालो, "तुमचे हात कुटं हायेत?"

त्यांनी खाली बघितलं. दोन्ही हात मांडीवर होते. ते कितीतरी वेळ एकदा चाकांकडं, एकदा हातांकडं बघत राहिले. मी इंजिन बंद केलं, क्रिस्टलचे पाय आणि खाच स्पिरिटनं पुसून काढली, परत सुरू केलं. चाकं आता गप्प, समोर बघत.

अण्णांनी ते दोन पाय स्वतः बोटात धरून बघितले. मग म्हणाले, "त्या ट्रकचं असं कुणी उगडूनच बघितलं न्हाई रं." एवढंच. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही आलं, आणि छातीवरचा सहा वर्षांचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. ट्रकमध्ये काय बिघडलं होतं हे आम्हांला कधीच कळणार नव्हतं. पण काहीतरी बिघडलेलं असू शकतं, एवढंही पुरे होतं.

आई पदर तोंडाला लावून उभी होती. "माज्यामुळं शर्यत गेली तुमची," ती म्हणाली.

"गेली तर गेली," अण्णा म्हणाले, "आन हिकडं सोनं." आणि त्यांनी पहिलं आपट्याचं पान तिच्याच हातावर ठेवलं. पुढं दर खंडेनवमीला ती गाडीच्या टायरला कुंकू लावायची आणि लावायच्या आधी मला हाक मारून विचारायची.

दिवाळीनंतर अण्णा गिरणीची नवी लॉरी घेऊन होटगी स्टेशनला जायलाही लागले. पण मला त्याहून जास्त आठवतो तो दसऱ्यानंतरचा रविवार. शर्यत परत लावली होती. नवव्या फेरीपर्यंत अण्णा पुढं होते, आणि शेवटच्या वळणावर त्यांनी हाव केली. फार आत घेतली, पिवळी पेटीला घासली आणि गरकन फिरली. लाल गाडी शेजारून निघून गेली. डॉक्टर "बारो, बारो!" करत नाचले. मी सवयीनं धावत जाऊन गाडी उचलली आणि झाकणाला हात घातला.

मागून अण्णांचं हसू ऐकू आलं. असं पोटातून हसताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"उगडू नगंस," ते म्हणाले. "त्यात काय बी न्हाय. ही चूक माजी हाय."