एका पानात चालेल

कापड हातात आलं की तो ते डोळ्यांपुढे धरत नसे. कड चिमटीत पकडून चुरायचा आणि विचारायचा, "काकू, हा रंग खायच्या भाषेत सांगा."

मी म्हणायचे, आमसुली. किंवा वांगी, किंवा श्रीखंडी. तो क्षणभर थांबून निकाल द्यायचा, "आमसुली आणि श्रीखंडी. एका पानात चालेल."

लग्नाची सजावट करणारा माणूस ताट वाढल्यासारखे रंग ठरवतो, याचं लोकांना फार कौतुक. मला नव्हतं. मला वाटायचं, याला भूक लागली असावी.

हॉलंडमध्ये झूटरमेरला मुलाकडे मी तीन महिन्यांसाठी आले होते. साथ आली, विमानं बंद झाली आणि मी अडकले. हा आमच्याच ओळीत तीन घरं सोडून राहायचा. बायको इंजिनिअर, हा तिच्यामागे इथे आलेला. नोकरी मिळेना, तेव्हा दोघांनी सजावटीचं काम सुरू केलं. ती रंग निवडायची, हा शिडीवर चढायचा. बायकोच्या जिवावर राहतो, असं लोक पाठीमागे म्हणायचे. मीही एकदा म्हटलं होतं. पण त्याने पडद्यांना घातलेल्या चुण्या बघितल्या आणि गप्प बसले. इतक्या सरळ निऱ्या मला आयुष्यात जमल्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात माझ्या नातीचं, सईचं लग्न होतं. हॉल रद्द झाला. घरामागच्या बागेत तीस माणसांत उरकायचं ठरलं. माणसं कमी झाली तशी भांडणं वाढली, कारण भांडायला वेळ मिळाला. सईला सगळं फिकट हिरवं हवं होतं, सूनबाईला लाल. बागेत हिरवं लावलं तर दिसणार कुणाला, असं सूनबाई म्हणायची. सई डचमध्ये काहीतरी पुटपुटून जिना चढून जायची. शेवटी मायलेकी जेवायलाही वेगवेगळ्या वेळी बसू लागल्या.

त्याला निवाडा करायला बोलावलं. लाल बघून म्हणाला छान, हिरवं बघूनही म्हणाला छान. सूनबाईला तो फार समजूतदार वाटला. मला संशय आला. कशालाच नाही न म्हणणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. माझा नवरा तसाच होता, पण त्याचं मुळात लक्षच नसायचं. याचं लक्ष होतं. घाम फुटेल इतकं लक्ष होतं.

त्याची बायको तेव्हा पुण्यात होती. वडील आजारी म्हणून गेली आणि माझ्यासारखीच अडकली, फक्त दुसऱ्या टोकाला. हा फोनवर तिला दिवसभर कापडं दाखवत बसायचा. मला वाटलं, प्रेम असेल.

लग्नाला पंधरा दिवस असताना तो एक पार्सल घेऊन आला. सूनबाई वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. त्याने बागेच्या कुंपणावर लांबच लांब कापड पसरलं.

"काकू, सईचं कैरी आलं. उन्हात बघा कसं दिसतंय."

"कैरी कुठली? गाजर आहे हे."

तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

"नक्की?"

"गाजर ओळखते रे मी."

तो खुर्चीत बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. सासरे दवाखान्यात होते, दोन दिवस बायकोचा फोन लागत नव्हता. पहिल्यांदाच त्याने एकट्याने कापड मागवलं होतं. लाल आणि हिरवा त्याला लहानपणापासून वेगळे दिसतच नाहीत, हे फक्त तिला ठाऊक होतं. खाण्याची नावं ही तिचीच युक्ती. कशाबरोबर काय चालतं, हे त्याने पाढ्यांसारखं पाठ केलं होतं.

"बाकीची सगळी लग्नं गेली, काकू. हे एक उरलंय," तो म्हणाला. "हेही बिघडलं तर कोण बोलावेल? ती परत येईल तेव्हा तिला काय दाखवू?"

मग हेच काम कशाला धरलंस, असं मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मी विचारते. तो म्हणाला, चुण्या घालायला आवडतात. ते मला पटलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. गाठी मारायला तेवढी पुरते. गाजर परत गेलं. नवी कापडं आली तशा मी प्रत्येकाच्या कडेला हातभर अंतरावर दोऱ्याच्या गाठी मारल्या. कैरीला एकेक, डाळिंबीला दोन-दोन, श्रीखंडीला तीन-तीन. रंगही मीच ठरवले. वर मांडवाला डाळिंबी, बैठकीला कैरी, मध्ये श्रीखंडी पडदे, म्हणजे मायलेकींचे रंग एकमेकांना भिडायला नकोत.

"एका पानात चालेल?" त्याने विचारलं.

"पोट भरेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हेच त्याने दोघींना असं समजावलं की मलाही नवीन वाटलं. दोघी एकदम हो म्हणाल्या. सूनबाई हळूच मला म्हणाली, "बघा आई, याला म्हणतात नजर." तिने मला घरातही मास्क लावायला लावला होता. त्या दिवशी तो उपयोगी पडला.

लग्नाच्या सकाळी वारा सुटला होता. तो शिडीवर उभा, तोंड आभाळाकडे, बोटं कापडाच्या कडेवरून सरकतायत. व्याह्यांना वाटलं, मंत्र म्हणतोय. एक कापड चुकलं नाही.

सईच्या हाताला गाठ लागली. "आजी, व्हॉट इज धिस?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

तिने जाऊन ते आईला सांगितलं. कित्येक दिवसांनी ती आपणहून आईशी बोलत होती. दुपारी दोघी एका टेबलावर जेवल्या. संध्याकाळपर्यंत तीन बायका माझ्याकडून पदराला गाठी मारून घेऊन गेल्या.

पुढच्या वर्षी त्याच्या बायकोने पुण्यातच काम घेतलं, वडिलांना सोडून येणं जमेना. विमानं सुरू झाली तसा हाच निघाला. गाठींची कापडं मला देऊन गेला. तिकडे त्यांची गरज नाही म्हणाला.

पाया पडायला वाकला तेव्हा त्याची पँट वर सरकली. एका पायात कैरी मोजा, दुसऱ्यात गाजर.

मी कुणालाही काही सुनावल्याशिवाय सोडलेलं नाही. त्या दिवशी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. तो बॅग ओढत ट्रामकडे निघाला. कोपऱ्यापर्यंत दोन्ही मोजे दिसत होते. पुण्याला ती घ्यायला येणार होती. सांगू दे तिला.