बगळे उडवण्याची हौस

माझा राग घरात कुणी मनावर घेत नाही. चहा येईपर्यंतच टिकतो म्हणतात. हा मात्र टिकलाय.

आम्ही होडीतून खाडीतलं कांदळवन बघायला गेलो होतो, गावकऱ्यांनीच राखलेलं. बगळ्यांच्या वळणावर होडी चालवणाऱ्या गावातल्या सुमनताईंनी इंजिन बंद करून वल्हं हाती घेतलं. "आता बोलू नका हां, घरट्यांत पिल्लं आहेत." तेवढ्यात आमच्या मेहुण्यांनी मोबाइल सरसावला आणि जोरात आरोळी ठोकली. बगळे एकदम उडाले आणि उघड्या घरट्यांवर कावळे उतरले. नुसतं बसलेलं पाखरू आपल्याला पुरत का नाही?

सुमनताईंनी होडी वळवली. पाखरं उठवली की फेरी संपली, हा गावाचा नियम त्यांनी चढतानाच सांगितला होता.

"एवढ्यासाठी? येतील की परत!" मेहुणे म्हणाले.

"ती येतील हो. पिल्लं राहायला हवीत ना."

मी मेहुण्यांवर ओरडलो. आवाज नेहमीसारखा चिरकला. "माझ्या भावाला चारचौघांत बोलू नका," बायको पुटपुटली. होडीतले बाकीचेही चिडले होते, पण सुमनताईंवर!

रात्री जेवताना मेहुण्यांनी व्हिडिओ दाखवला. पांढऱ्या पंखांनी आभाळ भरून गेलेलं. माझ्याही तोंडून "वा!" निघालं, आणि मी ताटावरून उठलो.