विहिरीजवळची पाटली
सोल्डरिंगच्या धुराचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी रत्नागिरीच्या कॉलेजात होते आणि जुना ट्रान्झिस्टर नि तांब्याच्या तारेचं वेटोळं जोडून जमिनीतला धातू शोधणारं यंत्र केलं होतं. पहिल्यांदा ते आमच्या परसातच फिरवलं. जांभ्या दगडावर ते उगीच कुरकुरायचं, पण विहिरीजवळच्या पाण्याच्या दगडी दोणीपाशी एकदम किंचाळलं. चिखल उकरला, तर काकूची सोन्याची पाटली! वर्षभरापूर्वी हीच पाटली चोरल्याचा आळ घेऊन काकूने आमच्या भांडीवालीला सगळ्या वाडीदेखत हाकललं होतं. पाटली धुऊन हातात चढवत काकू म्हणाली, “गावली ना? मग आता कुठे बोलू नकोस. आपलीच शोभा होईल.” मी तडक त्या बाईच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ती भात कांडत होती. हात न थांबवता म्हणाली, “तू आलीस, बरं केलंस. पन आळ तिनं चार मान्सांत घेतला, तर तिनंच येवून सांगाया हवं.” काकूने तिच्या घराकडे पाऊलही टाकलं नाही. शेवटी मीच वाडीत दारोदार जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यानंतर काकू मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.