ब्याण्णव चिठ्ठ्यांचा गुरुवार

आमच्या बस डेपोत त्यांना सगळे ड्यूटीबाई म्हणत. कोणत्या ड्रायव्हरने कुठली गाडी, कुठल्या मार्गावर, किती वाजता काढायची, हे डेपोचे साहेब ठरवत. पण ते प्रत्येकाच्या हाती पोचवणं बाईंचं काम. आम्ही ड्रायव्हर ब्याण्णव. कॉम्प्युटरवरच्या मोठ्या तक्त्यातून एकेकाची ओळ उचलायची, छोट्या फॉर्मात चिकटवायची, छापून चिठ्ठी काढायची, की पुन्हा तक्त्यात. दर गुरुवार त्यातच बुडायचा, आणि अर्धा शुक्रवारही. अशी एकोणीस वर्षं. उजव्या मनगटाला पट्टा लागला तरी बाई म्हणायच्या, "चालतोय की हात!"

एका रविवारी मात्र घरी त्यांच्या हातून बरणीचं झाकण उघडेना. सुनेने बरणी काढून घेतली. "आई, दिवसभर नक्की करता तरी काय तुम्ही त्या माउसने?"

बाईंनी सांगितलं. सून एका दवाखान्याच्या ऑफिसात कामाला होती. ती म्हणाली, "अहो, हे मशीनला शिकवता येतं. एकदा करून दाखवायचं, ते लक्षात ठेवतं."

सुनेकडून धडे घ्यायचे हे बाईंच्या जिवावर आलं. शिवाय मनात धाकधूक: सगळं मशीनच करणार, तर मला कशाला ठेवतील? पण मनगट ठणकत होतं. दोन रविवार दोघी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसल्या. सून भराभर बोलायची, बाई वहीत उतरवून घ्यायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "अगं, हळू! मी काय कुठे पळून चाललेय?"

पुढच्या गुरुवारी त्यांनी बटण दाबलं. प्रिंटर धडाधड चालू लागला. पहिली चिठ्ठी बाईंनी डोळ्यांत तेल घालून तपासली, बिनचूक. बाकीच्या फक्त वरचं नाव बघून आमच्या खणांत टाकल्या, आणि कित्येक वर्षांनी गुरुवारचा चहा गरम असताना प्यायल्या.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या खिडकीपाशी ही गर्दी! नावं ज्याची त्याची, पण गाडी, मार्ग आणि वेळ सगळ्यांना पहिल्या ओळीतलीच. सोमवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटं, चौदा नंबरची गाडी.

"बाई, स्टिअरिंग एक आणि आम्ही ब्याण्णव," आमच्यातला जाड्या म्हणाला. "उरलेल्यांनी काय मागून ढकलायची?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "नसते उद्योग नकोत. हातानेच करा." रात्री उशिरापर्यंत बसून बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा हाताने काढल्या. मनगटाचा पट्टा सुटून लोंबत होता, तो बांधायलाही थांबल्या नाहीत.

घरी सून ओशाळली. "माझंच चुकलं, आई. मी नीट बघायला हवं होतं."

"तू सांगितलं होतंस, नावाबरोबर बाकीचंही दर वेळी एक ओळ खाली सरकलं पाहिजे. वहीत लिहिलंय. मीच गाळलं." बाईंनी खुर्ची ओढली. "आता रडत काय बसायचं? काढ तो लॅपटॉप."

मग त्यांनी साहेबांकडे तीन आठवडे मागितले. हातानेही काढते, मशीननेही काढते, दोन्ही ताडून बघा. तिन्ही खेपेला ब्याण्णवच्या ब्याण्णव चिठ्ठ्या तंतोतंत जुळल्या. काम वीस मिनिटांवर आलं.

"मग आता गुरुवारी-शुक्रवारी करणार काय तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

बाईंना ज्याची भीती होती तोच प्रश्न. त्यांनी कपाटातून एक फुगलेली फाइल काढली. ड्यूटी बदलून मागणारे आमचे अर्ज, कित्येक महिन्यांचे. "हे वाचायला कधी वेळच झाला नाही, साहेब. वाचू का?"

साहेबांनी फाइल जरा चाळली. "वाचा," म्हणाले.

त्यात माझाही अर्ज होता. वडील अंथरुणाला खिळलेले, सकाळी त्यांना उठवून बसवायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून पहाटेची गाडी नको, एवढंच लिहिलं होतं. सात महिने झाले होते, मी आशाच सोडली होती. बाईंनी मला खिडकीपाशी बोलावलं.

"जाड्याला दुपारची पाळी नको आहे, पहाटेची चालते. करू अदलाबदल?"

"माझा अर्ज वाचलात तुम्ही?" मी विचारलं.

"अरे, हो की नाही ते तरी सांग," त्या म्हणाल्या. "अजून चाळीस अर्ज आहेत माझ्यापुढे."

वडील त्यानंतर दीड वर्ष होते. रोज सकाळी त्यांची दाढी मीच करायचो.